बिल कोणाच्या नावाने फाडायचं, ते आधी सांगा

मागच्या अंकात ऑनलाईन दुकानाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रं, ईमेल आणि व्हॉट्सअप मिळून ढीगच आला. त्यातले निम्मे लोक विचारतात, "मल्टी-व्हेंडरसाठी चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" आणि पुढे वाचत गेलं की कळतं यांना मल्टी-व्हेंडर नकोच आहे, कोणीतरी कोटेशनमध्ये तो शब्द लिहून दिलाय म्हणून विचारतायत. म्हणून आधी मल्टी-व्हेंडर आणि मल्टी-स्टोअरफ्रंट हे दोन्ही शब्द मोकळे करून टाकतो. जागा एक, विकणारे बरेच, प्रत्येकाचा गल्ला वेगळा, म्हणजे आपला आठवडे बाजार, ते मल्टी-व्हेंडर. आणि मालक एकच, गोडाऊन एकच, पण पाट्या दोन-तीन लावल्यात, एक पाटी रिटेलला, दुसरी वेगळ्या ब्रँडची, ते मल्टी-स्टोअरफ्रंट. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असायलाच पाहिजे असं नाही. विकणारे लोक दोन्ही एका दमात म्हणतात कारण त्याने कोटेशन वाढतं, दुसरं काही नाही.

आमचा बचत गटांचा प्रभागसंघ आहे, १८ गट. ज्वारीचे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड, शेवया, काळा मसाला असं सगळं करतो. प्रदर्शनात माल हातोहात जातो पण प्रदर्शन संपलं की विक्री संपली. एका मुलाने मल्टी-व्हेंडर मार्केटप्लेस करून देतो म्हणून १ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय, प्रत्येक गटाला वेगळं लॉगिन. आमच्यातल्या काही जणींना फोनवर फोटो पाठवणंही जड जातं. एवढे पैसे घालावेत का?
— एक ताई, अमळनेर तालुका

ताई, पैसे घालू नका, निदान आत्ता नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाहीये आणि सगळं तिच्यावरच अडकलंय, गिऱ्हाइकाच्या हातात जे बिल पडेल ते कोणाच्या नावाचं असेल? प्रभागसंघाच्या की त्या त्या गटाच्या?

संघाने गटांकडून माल विकत घेतला आणि स्वतःच्या नावाने विकला, तर तुम्ही एक साधं दुकान आहात. १८ ठिकाणाहून माल येतो म्हणून ते मल्टी-व्हेंडर होत नाही. आपल्या गल्लीतला किराणावाला पण ५० जणांकडून माल घेतो, त्याने कुठे ५० गल्ले ठेवलेत. साधं वूकॉमर्स घ्या, ते वर्डप्रेसवर चालतं, सॉफ्टवेअर फुकट आहे, खर्च होस्टिंगचा, डोमेनचा आणि बसवणाऱ्याच्या मजुरीचा. प्रत्येक वस्तूवर "कोणत्या गटाने केलं" हा एक रकाना ठेवा, तिथे गटाचं नाव, गावाचं नाव, वाटलं तर बायांचा एक फोटो. गिऱ्हाइकाला तेच बघायला आवडतं. आठवड्याला त्या रकान्यावरून रिपोर्ट काढायचा, कोणाचा किती माल गेला ते कळतं, त्याप्रमाणे गटाच्या खात्यावर पैसे टाकायचे. लॉगिन एकच, ते संघाच्या ऑफिसात. ज्या जणींना फोटो पाठवायला जड जातं त्यांना डॅशबोर्ड देऊन आपण नक्की काय साधणार आहोत, हे त्या मुलाला एकदा विचारा बरं का.

आता दुसरा रस्ता, म्हणजे प्रत्येक गट स्वतःच्या नावाने विकणार आणि संघ फक्त बाजार भरवून कमिशन घेणार. हा रस्ता वाईट नाही, पण यात तुम्ही कायद्याने "ई-कॉमर्स ऑपरेटर" होता आणि मग पुढचं शेपूट लांब आहे. ऑपरेटरला जीएसटी नोंदणी घ्यावीच लागते, उलाढाल कितीही कमी असो, ४० लाखांची सूट तिथे चालत नाही. नोंदणी असलेल्या विक्रेत्यांच्या करपात्र विक्रीवर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या पैशातून आधीच कापून घ्यायचा कर, कापायचा, आधी १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे, आणि त्याचं जीएसटीआर-८ हे रिटर्न दर महिन्याला, पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत. ज्यांची नोंदणी नाही त्यांचा टीसीएस कापायचा नाही पण त्यांची विक्री दाखवायची. शिवाय इन्कम टॅक्सचा टीडीएस वेगळा, तो ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झालाय, स्वतःच्या नावाने विकणाऱ्या व्यक्तीला किंवा हिंदू एकत्र कुटुंबाला ५ लाखांपर्यंत त्यातून सूट आहे, पण पॅन किंवा आधार दिलेलं असेल तरच. पापडावर जीएसटी नाही, मसाल्यावर आहे, म्हणजे एकाच ऑर्डरमध्ये दोन्ही आले की हिशोब वेगळा. आणि खायची वस्तू असल्याने ज्याच्या नावाने विक्री त्याचा एफएसएसएआय नंबर, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा नंबर, लागणार, म्हणजे १८ गटांचे १८ नंबर. हे सगळं सांभाळणारा माणूस संघाकडे आहे का? नसेल तर तो १ लाख ४० हजाराच्या बाहेरचा खर्च आहे, आणि दर महिन्याचा.

अजून एक गोष्ट जी कोटेशनमध्ये कधीच नसते. समजा नाशिकच्या एका बाईंनी बिबडे एका गटाचे घेतले, मसाला दुसऱ्याचा, शेवया तिसऱ्याच्या. मल्टी-व्हेंडरमध्ये या तीन ऑर्डरी होतात, तीन गावांतून तीन पार्सलं निघतात आणि कुरिअर तीनदा पैसे घेतं. बाईंचं बिल ४०० चं आणि पोचवायचा खर्च जवळपास तेवढाच, कोण घेईल हो? माल अमळनेरला एका खोलीत जमा करून एकच खोकं पाठवलं तरच हे गणित जमतं, आणि माल एका खोलीत जमा होत असेल तर तुम्ही पुन्हा साधं दुकानच झालात.

खोक्यावरून आठवलं, कुरडयांचं वजन नीट टाका. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते धरतात, आणि आकारमानाचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ४० बाय ३० बाय ३० चं खोकं घेतलं तर ३६ हजार भागिले ५०००, झाले ७.२ किलो. आत कुरडया २ किलोच्या, आणि पैसे सव्वासात किलोचे. आमच्याकडे एकाने पहिल्या महिन्यात ८० खोकी अशी पाठवली आणि नफा कुठे गेला ते त्याला दोन महिन्यांनी कुरिअरचं बिल आल्यावर कळलं. म्हणून सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, वस्तूचं नुसतं वजन नाही तर माप पण टाकायची सोय आहे का आणि डिलिव्हरी चार्ज काढताना ते माप खरंच धरलं जातं का ते बघा. बिबडे तर फुटतात पण, ते वेगळंच.

केळीच्या वेफर्सचा छोटा कारखाना आहे. एक ब्रँड रिटेलचा, एक उपवासाच्या पदार्थांचा वेगळ्या नावाने, आणि होलसेलवाल्यांसाठी वेगळे भाव. शिवाय बऱ्हाणपूर-खंडव्याकडच्या गिऱ्हाइकांसाठी हिंदी पाहिजे. डेव्हलपर म्हणतो चार साईट करू, वर्डप्रेस मल्टीसाईटवर, सगळं एकाच ठिकाणाहून चालेल. बरोबर आहे का?
— रावेर

नाही दादा, आणि ही चूक एवढे जण करतात की याच्यावर वेगळं पानच लिहायला पाहिजे. वर्डप्रेस मल्टीसाईट या नावाने फसायला होतं. त्यात चार साईटी एका इन्स्टॉलवर चालतात, युजर एकत्र असतात, प्लगइन म्हणजे वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर एकत्र असतात, पण वूकॉमर्सचा माल प्रत्येक साईटचा वेगळा असतो, डेटाबेसमध्ये टेबलंच वेगळी बनतात. म्हणजे मसाला वेफर्सचं पाकीट चार वेळा टाकायचं, भाव बदलला की चार ठिकाणी बदलायचा, आणि साठा चार ठिकाणी वेगळा दिसणार. गोडाऊनमध्ये ४० खोकी आहेत, चारही साईटींवर ४० दिसतायत, दोन ठिकाणाहून ३०-३० ची ऑर्डर आली की बसा फोन करत. त्याला जोडायचे प्लगइन मिळतात, पण एक भोक बुजवायला दुसरं प्लगइन, मग ते अपडेट झालं की तिसरं बंद पडतं, असं सुरू होतं.

तुमचं दुखणं मी असं सोडवेन. होलसेलसाठी वेगळी साईट नकोच. त्याच साईटवर होलसेलवाल्याला लॉगिन द्या, लॉगिन केलं की त्याला त्याचे भाव दिसतील, कमीत कमी १० खोकी घ्यावी लागतील, बाकीच्यांना रिटेलचे भाव. हे जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. हिंदीसाठी पण वेगळं दुकान नको, भाषा बदलायचं बटण पुरतं. उरला उपवासाचा ब्रँड. तो खरंच वेगळा आहे, नाव वेगळं, रंग वेगळे, डोमेन वेगळं, पण गोडाऊन तेच. मल्टी-स्टोअरफ्रंट यालाच म्हणतात. म्हणजे चार नाही, दोन पाट्या.

आणि दोन पाट्या एका साठ्यावर चालवायच्या तर मग ज्याच्यात ही सोय मुळातच आहे ते घ्या, चिकटवलेली नको. ओपनकार्टमध्ये मुळातच मल्टी-स्टोअर आहे आणि हलकं आहे, पण त्यात दुकानागणिक वेगळा भाव सरळ देता येत नाही, गिऱ्हाइकांचे ग्रुप करून द्यावा लागतो. प्रेस्टाशॉपमध्ये २०१२ च्या १.५ आवृत्तीपासून मल्टीस्टोअर आहे, त्यात भाव दुकानाप्रमाणे बदलता येतो आणि साठा एकत्र ठेवायचा की वेगळा तेही ठरवता येतं, तुमच्यासारख्याला मला ते सगळ्यात बसेलसं वाटतं. मजेंटोमध्ये याची रचना सगळ्यात पक्की आहे, आधी वेबसाईट, तिच्याखाली स्टोअर, त्याच्याखाली भाषेसाठी स्टोअर व्ह्यू, अशी तीन मजली. पण मजेंटो म्हणजे दोन टोपल्या केळी न्यायला सावद्याहून अख्खी रेल्वे वॅगन बुक करण्यातला प्रकार. २०२० च्या २.४ आवृत्तीपासून त्याला सर्च इंजिन वेगळं चालवावं लागतं, साध्या शेअर्ड होस्टिंगवर ते उभंच राहत नाही, आणि सांभाळायला जाणकार माणूस कायमचा लागतो. कंपनी २०१८ ला अडोबीने घेतली, फुकटची आवृत्ती अजून आहे, पण फुकट फक्त सॉफ्टवेअर, बाकी काही नाही. शॉपिफायमध्ये प्रत्येक पाटीचं वेगळं भाडं आणि साठा जुळवायला वेगळं ॲप.

डेव्हलपरला एकच करून दाखवायला सांगा. दोन्ही पाट्यांवर तेच पाकीट, साठा ५. एका पाटीवरून ३ विकत घ्या. दुसऱ्या पाटीवर लगेच २ दिसले पाहिजेत. "अर्ध्या तासाने सिंक होतं" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

काका, मी आणि माझे दोन मित्र मिळून धुळ्याच्या दुकानदारांसाठी ॲप काढतोय. कपडे, मोबाईल ॲक्सेसरीज, स्टेशनरी, गिफ्ट. सध्या ३० दुकानदार तयार आहेत. सगळे पैसे आमच्या खात्यावर घेणार आणि आठवड्याला वाटणार. डोकान, सीएस-कार्ट की बॅगिस्टो, यात कन्फ्यूजन आहे.
— धुळे

आतापर्यंतच्या पत्रांत खरा मल्टी-व्हेंडरवाला तू पहिलाच आहेस रे. पण पहिलं वाक्य चुकलंय, पैसे तुमच्या खात्यावर घेऊ नका. दुसऱ्याचे पैसे जमा करून वाटणं हे पेमेंट ॲग्रिगेटरचं काम आहे, रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये त्याचे नियम केलेत आणि त्यात कोटींमध्ये नेटवर्थ मागतात, ते तुमचं काम नाही. त्याऐवजी पेमेंट गेटवेची, म्हणजे ऑनलाईन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीचीच वाटणीची सोय वापरा, रेझरपेचं राउट आहे, कॅशफ्रीचं ईझी स्प्लिट आहे. गिऱ्हाइकाने १००० भरले की दुकानदाराचे दुकानदाराकडे, तुमचं कमिशन तुमच्याकडे, मधे तुमच्या खात्याला हात लागत नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हा, की या गेटवेच्या स्प्लिटशी ते जोडलेलं आहे का. बऱ्याच परदेशी मल्टी-व्हेंडर सॉफ्टवेअरमध्ये पैसे वाटायची सोय पेपालची किंवा स्ट्राईपची असते, डेमोत छान दिसते, धुळ्यात काय कामाची.

आता तिघांबद्दल. डोकान हे वूकॉमर्सवर बसणारं प्लगइन आहे, ढाक्याच्या कंपनीचं, बंगालीत दुकानाला दोकान म्हणतात त्यावरून नाव. सुरुवात स्वस्तात होते, फुकटची आवृत्ती आहे, कामाच्या बऱ्याच गोष्टी पैसे भरून. ३० दुकानदार आणि काही हजार वस्तूंपर्यंत आरामात, त्यापुढे चांगला सर्व्हर घ्यावा लागेल. सीएस-कार्ट मल्टी-व्हेंडर हे मुळातच बाजारासाठी बनलेलं आहे, लायसन्स विकत घ्यावं लागतं आणि ते स्वस्त नाही, पण दुकानदारांचे प्लॅन, कमिशन, एकच वस्तू अनेक दुकानदारांनी वेगवेगळ्या भावात विकणं, हे त्यात आधीपासून आहे, वरच्या आवृत्तीत अनेक स्टोअरफ्रंट पण. उद्या तुला धुळ्याबरोबर जळगावची वेगळी पाटी लावायची असेल तर तिथे उपयोग. बॅगिस्टो नोएडाच्या कंपनीचं आहे, लॅराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कवर लिहिलेलं, मूळ सॉफ्टवेअर फुकट, मल्टी-व्हेंडरचा भाग वेगळा घ्यावा लागतो. तुमच्या तिघांत एकाला लॅराव्हेल येत असेल तर बॅगिस्टो, नाहीतर डोकान. सीएस-कार्ट वर्षभर धंदा टिकला की मग.

पण फीचरची यादी वाचून निवडू नकोस भावा, यादीत सगळ्यांकडे सगळं असतं. डेमो उघड आणि एक ऑर्डर टाक, तीन दुकानदारांची. कपडे ५००, केबल २५०, वही-पेन १५०, एकूण ९००. त्यावर ९० रुपयांचं कूपन लाव. डिलिव्हरी ६० रुपये. तुझं कमिशन १० टक्के. आता गिऱ्हाइकाने केबल परत केली असं समज आणि सॉफ्टवेअर काय करतं ते बघत बस. गिऱ्हाइकाला २५० परत जातात की २२५? कूपन सगळ्या वस्तूंवर सारखं वाटलं असेल तर २२५ जायला पाहिजेत, २५० गेले तर प्रत्येक परतीला तुझ्या खिशातून २५. केबलवर तू २५ रुपये कमिशन कापलं होतंस की २२.५०, आणि ते आपोआप मागे आलं का? ते कूपन कोणाच्या पैशाने दिलं, तुझ्या की दुकानदाराच्या, हे कुठे ठरवता येतं? डिलिव्हरीच्या ६० मधले केबलचे किती? आणि दुकानदाराला पैसे आधीच गेले असतील तर त्याच्याकडून वसूल कसे करणार? या एका ऑर्डरमध्ये मी दोन चांगली नावाजलेली सॉफ्टवेअर गडबडताना पाहिलीयत.

मग हेच कॅश ऑन डिलिव्हरीवर करून बघ. आपल्याकडे निम्मं गिऱ्हाईक पैसे हातातच देणार. दुकानदाराच्या पोराने माल पोचवला तर रोख दुकानदाराकडे राहते आणि तुझं कमिशन उधारीवर जातं, तुझ्या पोराने पोचवला तर उलटं. डोकानमध्ये अशा उलट्या वसुलीची सोय आहे, ठरवलेल्या रकमेच्या वर उधारी गेली की दुकानदाराला अडवता येतं. ती पहिल्या दिवसापासून चालू ठेव, ओळखीतल्याला उधारी मागायला जीभ रेटत नाही, सॉफ्टवेअरला लाज नसते.

आणि २०२० च्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता गिऱ्हाइकाला दिसला पाहिजे, तक्रार अधिकारी पाहिजे, तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवायचं, महिन्याभरात निकाली काढायची. तुमच्या तिघांपैकी एकाचं नाव तिथे घालावं लागेल, आत्ताच चिठ्ठ्या टाका.

ओएनडीसी या ऑनलाईन विक्रीच्या खुल्या नेटवर्कचाही विचार कर, ३० दुकानदारांना स्वतःचं ॲप करून गिऱ्हाईक शोधत बसण्यापेक्षा त्या नेटवर्कवर चढवून देणं सोपं पडू शकतं. ओएनडीसी हे ॲप नाही, दुकानदार एका ॲपवरून चढतो आणि गिऱ्हाईक भलत्याच ॲपवरून त्याला शोधतं. त्यात तुम्ही दुकानदार जोडून देणारे झालात तर तोही धंदाच आहे. पण मग धुळ्याचं स्वतःचं ॲप ही हौस बाजूला ठेवावी लागेल.

नवापूरच्या चार शेतकरी कुटुंबांची तूरडाळ आणि तांदूळ एका साईटवर त्यांच्याच नावाने विकतो. आमची निम्मी गिऱ्हाइकं सुरतची आहेत, आपलीच खान्देशी माणसं. शेतकऱ्यांची जीएसटी नोंदणी नाही. काही अडचण आहे का?
— नवापूर

आहे, आणि ती तुमच्या स्टेशनवरच्या बाकड्यासारखी आहे, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला नोंदणीशिवाय दुसऱ्याच्या ऑनलाईन बाजारात माल विकता येतो, पण फक्त आपल्या राज्यात, आणि त्यासाठी पॅनवरून जीएसटी पोर्टलवर एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. अशा विक्रेत्याचा माल राज्याबाहेर जाऊ न देणं ही बाजारवाल्याची जबाबदारी आहे, म्हणजे तुमची. शेतात पिकवलेला स्वतःचा कच्चा माल विकणारा शेतकरी आणि डाळ करून पॅक करून विकणारा, यात फरक धरतात, तेव्हा सीएकडे एकदा जाऊन याच.

सॉफ्टवेअरच्या बाजूने सांगायचं तर तुम्हाला विक्रेत्याप्रमाणे पिनकोड अडवायची सोय पाहिजे. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात, त्यातला ४०३ गोव्याचा, तो सोडा. सुरतचे ३९४-३९५. बऱ्याच ठिकाणी पिनकोडची अट अख्ख्या दुकानाला लावता येते, एकेका विक्रेत्याला नाही, ते विचारून घ्या. नाहीतर डाळ तुम्ही स्वतः विकत घ्या, तुमची नोंदणी काढा, तुमच्या बिलाने सुरतला पाठवा. निम्मं गिऱ्हाईक तिकडे आहे म्हटल्यावर मला हेच बरं दिसतं.

नंदुरबारची लाल मिरची आणि मसाले विकतो. साईट मराठीत केलीय पण बिलाची पीडीएफ काढली की अक्षरं तुटतात. आणि आमची २०० वस्तूंची यादी जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलीय, ती साईटवर टाकली की भलतंच इंग्रजी दिसतं.
— नंदुरबार

अक्षरं तुटतात म्हणजे "मिरची"मधली पहिली वेलांटी म च्या आधी यायची ती नंतर येऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात, बरोबर? बिल बनवणारी जी लायब्ररी आत असते, बऱ्याच प्लगइनमध्ये डॉमपीडीएफ नावाची, तिला देवनागरी जोडता येत नाही. फॉन्ट बदलून उपयोग नाही, लोक तिथेच चार दिवस घालवतात. एमपीडीएफ वापरणारं बिलाचं प्लगइन शोधा, त्यात देवनागरी नीट येतं. नाहीच मिळालं तर पीडीएफचा नाद सोडून बिलाचं पान ब्राउझरमधूनच प्रिंट करा, तिथे काही तुटत नाही.

यादीचं असं, की ती जुन्या फॉन्टमध्ये आहे, युनिकोडमध्ये नाही. आत खरं तर इंग्रजी अक्षरंच आहेत, फॉन्ट फक्त त्यांना मराठी कपडे घालतो. कन्व्हर्टर मिळतात, पण २०० वस्तू पुन्हा टाईप करायला पोराला दोन दिवस लागतील, तेच करा, कन्व्हर्ट करून चुका शोधायला पण तेवढेच जातात. टाईप करता करता वर्णनात तिखट, मिरची पूड, मिरची पावडर असं सगळं लिहा, इंग्रजी स्पेलिंगसकट. साईटचा सर्च अक्षराला अक्षर जुळवतो, तिखट शोधणाऱ्याला मिरची पूड सापडत नाही. फोटो मात्र पथारीवर वाळणाऱ्या मिरचीचा टाका, नुसत्या पाकिटाचा नको.

डेव्हलपरने साईट करून दिली, आता तो फोन उचलत नाही. पासवर्ड त्याच्याकडेच आहेत. काय करता येईल?
— शिरपूर

भो, तुमचं दुखणं मला घरचंच आहे. २०२१ मध्ये माझ्या मावसभावाच्या भुसावळच्या कपड्यांच्या दुकानाचं हेच झालं, साईट करणारा पोरगा चांगला होता, नंतर नोकरीला पुण्याला गेला, डोमेन त्याच्या ईमेलवर घेतलेलं, रिन्यू करायची मेल त्याला यायची, त्याने बघितली नाही आणि ऐन कानबाईच्या सणाच्या आठवड्यात साईट बंद. पिशव्यांवर, बिलांवर, दुकानाच्या पाटीवर सगळीकडे ते नाव छापलेलं. शेवटी दुसरं नाव घेतलं.

आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा, ते तुमच्या खात्यात आलं तर बाकी सगळं परत उभं करता येतं. मग होस्टिंग, मग साईटचा ॲडमिन, मग पेमेंट गेटवे. गेटवे तर तुमच्या पॅनवर, तुमच्या बँकेवर असतो, त्यांच्याकडे तुम्ही सरळ मागू शकता. साईट हातात आली की प्लगइन तपासून घ्या. महागडी प्लगइन स्वस्तात म्हणून टेलिग्रामवरून उतरवलेली असतात बऱ्याचदा, त्यांना अपडेट येत नाही आणि काहींत मागचं दार ठेवलेलं असतं. आणि पुढच्या माणसाला शेवटचा हप्ता सगळे पासवर्ड आणि बॅकअप हातात आल्यावरच द्यायचा, मग तो भाचा असला तरी.

शॉपिफाय की वूकॉमर्स? एका शब्दात सांगा.
— चोपडा

वू. सांभाळायला कोणीच नसेल आणि दर महिन्याचं भाडं परवडत असेल तर शॉपिफाय, पण त्यांचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही, बाहेरचा गेटवे लावावा लागतो आणि त्यावर प्लॅनप्रमाणे वरचा चार्ज बसतो, तो धरून हिशोब करा. महिन्याला २०-२५ ऑर्डरी असतील तर अजून काहीच घेऊ नका, व्हॉट्सअप बिझनेसचा कॅटलॉग भरा आणि यूपीआयचा क्यूआर पाठवत जा.